खुलासा : ओवेन आणि 'खिशातली गीतांजली'

सध्या एक मेसेज फिरतोय : पहिल्या महायुद्धातला इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन युद्धविरोधी असल्याने लढायला नकार देत होता, युद्ध संपलं त्याच दिवशी मारला गेला आणि त्याच्या खिशात 'गीतांजली' सापडली.

टागोरांचा संबंध खरा आहे, बाकी गफलत. ओवेन मँचेस्टर रेजिमेंटचा अधिकारी होता. 1917मध्ये शेलशॉकमुळे (लढाईच्या भडिमाराने बसलेल्या मानसिक धक्क्यामुळे) एडिनबर्गजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात उपचार झाले, पण 1918मध्ये तो पुन्हा आघाडीवर गेला आणि ऑक्टोबरमधल्या कारवाईसाठी त्याला मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक जाहीर झालं. युद्धाची किळस आणि आपल्या शिपायांना सोडून न जाण्याची ओढ, दोन्ही त्याच्यात होतं. त्याला 'नकार देणारा' ठरवलं की नेमकं हेच पुसलं जातं.

मृत्यू 4 नोव्हेंबर 1918चा, फ्रान्समध्ये ऑर्सजवळ कालवा ओलांडताना. तिथल्या थडग्यावरही हीच तारीख आहे. युद्धविरामाच्या दिवशी, 11 नोव्हेंबरला, आईवडिलांना तार मिळाली. घोळ बहुधा तिथूनच झाला असावा.

आणि 'गीतांजली'? 1920मध्ये त्याच्या आईने टागोरांना पत्र लिहिलं. निरोप घेताना मुलाने त्यांच्या ओळी म्हटल्या होत्या. पुढे परत आलेल्या त्याच्या टिपणवहीत त्याच ओळी, खाली टागोरांचं नाव, त्याच्याच अक्षरात. म्हणजे पुस्तक नव्हे, वही. कविता कोणत्या पुस्तकातली, हे तर आईच पत्रात विचारत होती! (इंग्रजी 'गीतांजली'तली 96वी.)

तेव्हा जुना मेसेज कृपया पुढे ढकलू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा टाका.