वीसपर्यंत मोजायचं

घरात जड वजनं उचलणाऱ्या माणसाचा एक रुबाब असतो. काम तसं फार नसतं. पाचदा उचलायचं, दाणकन खाली ठेवायचं आणि मग तीन मिनिटं कमरेवर हात ठेवून आरशात बघत विश्रांती घ्यायची. म्हणायला व्यायाम तासाभराचा, पण वजन प्रत्यक्ष हातात असतं तो वेळ मोजला तर तेवढ्यात चहासुद्धा गार व्हायचा नाही. बाकी सगळा मोबाइल. शिवाय ‘आज लेग डे, म्हणजे पायांच्या व्यायामाचा दिवस आहे’ एवढं म्हटलं की बाजारातून नारळ आणण्यापासूनसुद्धा सुटका. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत मी हा थाट बरीच वर्षं चालवला. बेंचवर टॉवेल वाळायचे, वजनाच्या रिकाम्या प्लेटवर तुळशीची कुंडी बसायची आणि रॉड आपटला की खालच्या मजल्यावरचे काका सोसायटीच्या ग्रुपवर ‘वर कोणी पडलं का?’ असा मेसेज टाकायचे. आमच्याकडे काळजी अशीच करतात.

या थाटाला डॉक्टरांनी नख लावलं. बीपी मोजायला पट्टा गुंडाळला, तर तो माझ्या दंडाला पुरेना. मी खूश. हे त्यांनी चार पेशंटांसमोर मोठ्यानं म्हणावं अशी माझी इच्छा होती. पण पट्टा लहान पडला तर आकडा उगाच जास्त येतो, असं म्हणून त्यांनी कपाटातून मोठा पट्टा काढला. आकडा तरीही जास्तच आला.

“वजनं सोडू नका,” ते म्हणाले. “वयानुसार स्नायू झडतात, तेव्हा ती लागतीलच. पण हलकी करा, जास्त वेळा उचला. आणि जरा हृदयालाही कामाला लावा. पाच मजले चढून गेलात तर काय होतं?”

“आम्हाला लिफ्ट आहे,” मी म्हणालो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगून ठेवलंय की मोठ्या माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि शिवाय निदान दोन दिवस स्नायूंना ताण द्यावा. दुसऱ्या अर्ध्यात मी शिकवणी घेऊ शकलो असतो. पहिल्या अर्ध्यात पाटी कोरी. मध्यम म्हणजे किती, याचीही एक सोपी खूण आहे: व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये.

ही खूण ज्यानं काढली तो सकाळी सहा वाजता पर्वतीवर आलेला नसणार. पर्वतीच्या पायऱ्या १०३. त्या चढताना निवृत्त मंडळी एफडीचा व्याजदर, मेट्रोचं खोदकाम आणि मुलाचा व्हिसा असे तिन्ही विषय संपवतात. मी त्यांच्यात सामील झालो आणि निम्म्या वाटेवर माझ्याकडे फक्त ‘हं’ शिल्लक राहिला. तोही दोन पायऱ्यांत मिळून एक. पुढे एक आजोबा चक्क नाट्यपद म्हणत चढत होते, तानांसकट. म्हणजे नियमानं पाहिलं तर त्यांचा व्यायाम अजून सुरूच झालेला नव्हता आणि माझा केव्हाच संपला होता.

मग मनगटावर घड्याळ आलं. २२० मधून वय वजा केलं की जास्तीत जास्त ठोक्यांचा ढोबळ अंदाज येतो. दमसास वाढवायचा तर त्याच्या साठ-सत्तर टक्क्यांच्या आसपास रेंगाळत राहायचं. मी जरा पाय उचलले की घड्याळ हातावर थरथरून ‘हळू’ म्हणतं. आणखी हळू म्हणजे किती? तर ओळखीचे लोक स्कूटर थांबवून “सोडू का घरी?” विचारतात इतकं. नाही म्हटलं तर पुढे जाऊन बायकोला फोन करतात.

घरात वेगळीच परीक्षा. ब्राझीलच्या क्लॉडिओ जिल अराउजो नावाच्या डॉक्टरांची एक चाचणी चिरंजीवांना सापडली. जमिनीवर बसायचं आणि उठायचं. एकूण गुण दहा. हात किंवा गुडघा टेकला की दर वेळी एक गुण गेला, तोल गेला की अर्धा. या डॉक्टरांनी २०१२ साली छापलेल्या अभ्यासात पन्नाशीपुढच्या ज्या लोकांना गुण कमी पडले होते, त्यांच्यात पुढच्या वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं, हे चिरंजीवांनी आधीच वाचून दाखवलं. त्यानंतर कोण मोकळेपणानं बसणार? मी बसताना एक हात टेकला, उठताना दुसरा हात आणि एक गुडघा, आणि सरळ होता होता शोकेसला धरलं. ‘शोकेसबद्दल नियमात काही नाही,’ असं म्हणत चिरंजीवांनी सहा दिले.

आई शेंगा सोलत बसली होती, जमिनीवरच. तिला खुर्ची आवडत नाही. “काय करायचंय, उठायचंय?” असं म्हणून ती मांडीवरची परात सांभाळत, एक हात गुडघ्यावर देऊन उठली. नऊ. मग टरफलं टाकायची राहिली म्हणून परत बसली, ते गुण कुणी मोजलेच नाहीत.

“तुझे आजोबा औंधच्या शाळेत होते,” ती म्हणाली. “राजेसाहेबच नमस्कार घालायचे, मग पोरं घालणार नाहीत तर काय करतील?” औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले, हे खरंच आहे. पण घरातल्या वादात इतिहास आईच्या बाजूनं उभा राहिला की माझी पंचाईत होते. दुसऱ्या दिवशी मी सलग बारा नमस्कार घातले. घड्याळाला वाटलं मी कुणापासून तरी पळतोय.

तरीही खरा छळ मोजण्याचा. वीस किलोचा डंबेल बाजूला ठेवून आठ किलोचा घेतला, तो एवढासा की पाहुणे आले की मीच तो सोफ्याखाली सारतो. हा वीसदा उचलायचा, जेमतेम अर्धा मिनिट थांबायचं, लगेच पुढचा प्रकार. पूर्वी पाचपर्यंत मोजायचो. तेवढं कुणाशी भांडतानाही जमतं. वीसपर्यंत पोचायला मिनिट लागतो, आणि आमच्या घरात मिनिटभर सलग कुणी गप्प बसल्याची नोंद नाही. त्यात बोलतात ते आकड्यातच बोलतात. अकराव्याला लाइटबिल येतं, चौदाव्याला दुधाचे लिटर. मनात मोजलं तर ‘लक्ष कुठंय?’ होतं, मोठ्यानं मोजलं तर चिरंजीवांचा अभ्यास बिघडतो, एरवी न होणारा.

काल हात अक्षरशः लटलट कापत होते.

“सोळा... सतरा...”

“अरे, तो प्लंबर किती म्हणाला होता?”

“बाराशे... तेरा... चौदा...”

“सतरा झाले होते रे,” आई शेंगांतून मान वर न काढता म्हणाली.

“असू द्या हो आई,” बायको म्हणाली, “दमसास वाढवतोय तो.”