मंग डावा पाय काय करस?

पारोळ्याच्या लग्नात वरण-बट्टी उत्तम होती, घोटलेली वांग्याची भाजीही. हे आधीच सांगतो, नाहीतर सासरचे म्हणतील जावई चिडून लिहितोय. चिडलोच आहे, पण बट्टीवर नाही.

जेवून बाहेर आलो तर गाडीची बॅटरी मेलेली. मे महिन्यातलं आपलं ऊन बॅटरीला माणसाच्या आधी संपवतं. गाडी नेमकी मंगल कार्यालयाच्या फाटकात, आणि समोरून डीजेसकट नवरदेव येतोय.

बोनेट उघडलं की आपल्याकडे माणसं उगवतात. चौघे धक्क्याला लागले. गाडी ढिम्म. ऑटोमॅटिक गाडी 'पी'मध्ये, म्हणजे पार्किंगच्या गिअरवर, उभी असली की गिअरबॉक्समध्ये खिट्टी अडकते आणि चाकं जाम होतात. बॅटरी मेली की ब्रेक दाबूनही दांडा 'पी'तून निघत नाही. दांड्याशेजारी एक बारीक झाकण असतं, ते उचकटून आत किल्ली खुपसायची. मी ते झाकण शोधत होतो, तेवढ्यात नाना आले.

नाना म्हणजे सासऱ्यांचे चुलतभाऊ, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. पंगतीतून तसेच उठलेले, मनगटापर्यंत तूप.

"जवाईबापू, दुसरा गियर टाका आन क्लच सोडा."

"नाना, हिला क्लच नाही."

लग्न ठरल्यावर मुलाला नोकरीच नाही असं कळावं, तसे नाना माझ्याकडे बघत राहिले.

"कोठे गया?"

"कंपनीच देत नाही."

"मंग पैसा कमी लिधात का?"

"नाही, जास्त घेतले."

नानांनी चपला काढल्या, एक हात स्टिअरिंगवर टेकवला (ते तूप अजून निघालेलं नाही) आणि डोकं थेट खाली पेडलांपाशी घातलं. आतून बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. बाहेर आले ते गर्दीकडे तोंड करून. "एक पेडल कमी शे!" मग माझ्याकडे वळून, अगदी काळजीने, "मंग डावा पाय काय करस?"

"आराम करतो."

गर्दी हसली. सासरी आजवर माझ्या पगाराचा जाब विचारला गेला होता, डाव्या पायाचा पहिल्यांदाच.

धक्क्याने ही गाडी सुरू होत नाही, हेही मी सांगून पाहिलं. इंजिन फिरलं तर पंप फिरणार, पंपाने तेलाला दाब येणार, तेव्हा कुठे इंजिन आणि चाकं एकमेकांना धरणार. इंजिनच बंद तर धरणार कोण? यावर नानांनी जुनी हकिकत काढली, स्टार्टर बिघडलेली एसटी मुक्कामी उतारावर कशी लावून ठेवत, त्याची. लोक माझं सोडून ती ऐकू लागले.

खरं तर ही जात नानांपेक्षा वयाने मोठी आहे. अमेरिकेत ओल्ड्समोबिलने 1940 च्या मॉडेलला बिनक्लचचा हायड्रा-मॅटिक गिअरबॉक्स दिला, तेव्हा नाना जन्मायचे होते. आपल्याकडे 2014 साली मारुतीच्या सेलेरिओत एएमटी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सची ऑटोमॅटिक, आली आणि बेताच्या पगारवाल्यांचीही सोय झाली. तिच्यात तर क्लच असतोच, फक्त दाबतं यंत्र. लायसन्सवरसुद्धा गिअर-बिनगिअर हा भेद दुचाकीपुरताच आहे, मोटारीला नाही. पण ऑटोमॅटिकवाला म्हणजे अर्धा ड्रायव्हर, हे खान्देशात ठरलेलं. घाटात ट्रक आडवा होतो, रांग मुंगीच्या पावलाने सरकते आणि क्लचवाल्या गाडीत हाफ क्लचवर गुडघा भरून येतो, तेव्हा या हसणाऱ्यांपैकी एकही माझा गुडघा दाबायला येत नाही.

आणि एवढ्या गर्दीत सल्ले पोतंभर, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून वीज घ्यायची जंपर केबल एकाकडेही नाही. शेवटी ती निघाली डीजेच्या टेम्पोत. गाणं बंद पडलं, नाचणारे माझ्याकडे खाऊ की गिळू बघू लागले. लाल केबल प्लसला, काळी इंजिनच्या लोखंडाला, आणि गाडी सुरू झाली. श्रेय नानांनी घेतलं. शिवाय एक चक्कर मारून बघायची इच्छा झाली. सासऱ्यांच्या देखत नाही कसं म्हणणार?

दहा पावलं गेलो असू, नानांना गिअर बदलावासा वाटला. डावा पाय जन्माच्या सवयीने पूर्ण ताकदीने खाली गेला. तिथे आता ब्रेक असतो. माझं कपाळ डॅशबोर्डवर.

"ब्रेक चांगला शे," नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जळगावला नवी बॅटरी घ्यायला गेलो. दुकानदाराने आत डोकावून विचारलं, "ऑटोमॅटिक? मॅडम चालवतात वाटतं."

मॅडम मॅन्युअलच चालवतात, आणि रिव्हर्सही माझ्यापेक्षा चांगली घेतात. पण बिलातून जुन्या बॅटरीचे पैसे वजा व्हायचे बाकी होते, म्हणून हो म्हणालो.