‘महिनाभर नुसता काळा स्क्रीन’ या रिव्ह्यूला उत्तर

काका नमस्कार, रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलात त्याचं काय नाही, खरं तुम्ही लिहिलंय ना की पोरगा रोज खानापूरहून बस धरून बेळगावला आमच्या क्लासला येतो आणि महिना झाला तरी काळ्या स्क्रीनवर टायपिंगच चाललंय, माउसला हात नाही, बेंगळुरात डायरेक्ट क्लाउड शिकवतात, त्याचं उत्तर इथंच देतो म्हणजे बाकीच्या पालकांनाही कळेल.

क्लाउड म्हणजे दुसरीकडं कुठंतरी चालू असलेले कॉम्प्युटर, आणि त्यातले बहुतेक लिनक्सवर, म्हणजे विंडोजसारख्याच दुसऱ्या एका ऑपरेटिंग सिस्टिमवर. एसएसएचनं, म्हणजे लांबच्या कॉम्प्युटरला जोडून देणाऱ्या प्रोग्रॅमनं, आत शिरलं की समोर हाच काळा स्क्रीन येतो. तिथं टाइप केलेल्या कमांड चालवतं ते शेल, त्यातलंच एक बॅश. ते 1989 चं आहे, जुनं म्हणा की, खरं आजही बहुतेक लिनक्स सर्व्हरवर तेच भेटतं.

सीडी, एलएस, ग्रेप, पाइप, म्हणजे फोल्डर बदलणं, फाइलींची यादी बघणं, शब्द शोधणं, कमांड एकमेकींना जोडणं, हे आठवड्याभरात कुणालाही येतं. वेळ जातो तो पुढं. समजा फोल्डरमधे दोन फाइली आहेत, एक ‘मार्च’ आणि एक ‘मार्च बिल’, मधे स्पेस. स्क्रिप्टमधे, म्हणजे कमांड लिहून ठेवलेल्या फाइलीत, एफ या व्हेरिएबलमधे (नाव दिलेला डबा म्हणा) ‘मार्च बिल’ आहे आणि ती फाइल उडवायला पोरानं लिहिलं आरएम डॉलर एफ, डबल कोट्स न घालता. आरएम म्हणजे उडव, डॉलर एफ म्हणजे एफमधलं नाव. शेल स्पेसवर त्याचे दोन तुकडे करतं, ‘मार्च’ ही चांगली फाइल उडवतं, ‘बिल’ नावाची फाइल नाही म्हणून एरर देतं, आणि जी काढायची होती ती तशीच राहते! रिसायकल बिन तिथं नसतोय, गेलं ते गेलं. डॉलर एफला डबल कोट्स घातले की ते एकच नाव धरलं जातं.

याहून वाईट म्हणजे फोल्डरच्या व्हेरिएबलचं नाव टाइप करताना एक अक्षर चुकलं आणि पुढं स्लॅश स्टार असेल तर नावाच्या जागी रिकामं येतं, आणि आरएम हायफन आरएफ, म्हणजे न विचारता फोल्डरसकट उडवणारी कमांड, सरळ रूटमधल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरमधल्या, सगळ्यावर चालून जाते. म्हणून स्क्रिप्टच्या वरच सेट हायफन यू लिहायला लावतो, चुकीचं नाव आलं की स्क्रिप्ट तिथंच थांबते. आणि आरएमच्या जागी आधी एलएस घालून चालवायचं, काय उडणार ते डोळ्यांनी बघायचं, मगच पुढं. ही सवय हाताला लागल्याशिवाय मी कुणाला क्लाउडच्या सर्व्हरवर सोडत नाही, फी कितीही भरलेली असू दे.

नोट्स देत नाही म्हणालात, मॅन कमांड प्रत्येक कमांडची माहिती दाखवते, त्यातून स्वतः वाचायला शिकवतो, नोकरीत तेच उपयोगी पडतंय.

घरात विंडोज आहे म्हणून सराव होत नाही हे तुमचं खरं आहे, त्यावर डब्ल्यूएसएल आहे, म्हणजे विंडोजमधेच लिनक्स चालवायची सोय, फुकट. शनिवारी लॅपटॉप घेऊन या, आम्ही घालून देतो. फक्त स्क्रिप्ट साध्या नोटपॅडमधे लिहू नको म्हणून त्याला सांगा, विंडोजच्या ओळीच्या शेवटी एक जादा न दिसणारं कॅरेक्टर येतं आणि बॅश एरर देतं, लिनक्समधल्या नॅनो या एडिटरमधेच लिहायचं. पोरगा मनापासून करूलालाय काका, त्यानं स्वतः लिहिलेली बॅकअपची स्क्रिप्ट त्या दिवशी तुम्हाला चालवून दाखवायला सांगतो.