पाव युनिटचा माणूस

बेळगावात कुणाला पत्ता विचारला तर तो गल्ली सांगतो. टिळकवाडीत विचारला तर रेल्वे गेट सांगतो. फर्स्ट गेट, सेकंड गेट, थर्ड गेट. मी यातल्या कुठल्या गेटचा, ते सांगत नाही. सांगितलं की ऐकणारा आधी हळहळतो आणि मग "आमच्या गेटला याहून जास्त वेळ लागतो" म्हणून भांडायला उठतो. एवढंच सांगतो की माझं घर रुळांच्या अलीकडे आहे, ऑफिस पलीकडे आहे आणि मधून लोंढा-मिरज लोहमार्ग गेला आहे. या १८६ किलोमीटरच्या मार्गाचं दुहेरीकरण निघालं, तेव्हा पेपर वाचून मीच घरात जाहीर केलं होतं, की आता गाड्या एकमेकींसाठी थांबणार नाहीत. तशा त्या थांबतही नाहीत. एक गेली की पाठोपाठ उलट बाजूची येते, आणि दोघींसाठी मी थांबतो.

गेटवर थांबण्याचीही एक रीत आहे. घंटा वाजू लागली की शेवटचे चार स्कूटरवाले खाली येणाऱ्या दांड्याखालून मान वाकवून निसटतात. पाचवा मी असतो. मग एकेक इंजिन बंद होतं आणि कुणीतरी विचारतं, "कुठली गाडी यालीय ओ?" हा प्रश्न विचारणाऱ्याला गाडीशी काही देणंघेणं नसतं, तरी उत्तर देणाऱ्यांत चढाओढ लागते. एक म्हणतो राणी चन्नम्मा, दुसरा म्हणतो छे, ती रात्रीची, ही मालगाडी. मालगाडी म्हटलं की लोक पिशव्या खाली ठेवतात. एव्हाना मागून आलेल्यांनी रस्त्याची उजवी बाजूही भरून टाकलेली असते. पलीकडच्यांनी त्यांची टाकलेली असते. म्हणजे गेट उघडल्यावर दोन्ही फौजा समोरासमोर भिडणार हे पक्कं असतं. पानिपतावर निदान रणांगण तरी मोठं होतं.

बाकी शहर सुटलं. कपिलेश्वरला पूल झाला, गोगटे सर्कलचा पूल नव्यानं बांधून झाला, थर्ड गेटला झाला. आम्ही राहिलो.

गोष्ट संक्रांतीच्या तोंडावरची, १२ जानेवारी २०२४ ची. ऑफिसातून परतताना गेटवर अडकलो होतो. डाव्या हाताला उसाच्या दोन ट्रेलर लावलेला ट्रॅक्टर, उजव्या हाताला रिक्षा, पुढं डोक्यावर बुट्टी घेतलेली खानापूरकडची एक मावशी. तेवढ्यात भाच्याचा फोन आला. डोक्यावर हेल्मेट होतं, म्हणून स्पीकर लावला.

"मामा, झाली एकदाची! उरणची लोकल! आमच्या द्रोणागिरीला थांबते!"

भाच्यानं द्रोणागिरीत फ्लॅट घेतला तो "स्टेशन पाच मिनिटांवर" या एका वाक्यावर. वाक्य खोटं नव्हतं. स्टेशन पाच मिनिटांवरच होतं, तिथं गाडी तेवढी येत नव्हती. बेलापूर-नेरूळकडून उरणला जाणारा हा २७ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला तो गेल्या शतकात. २०१८ च्या नोव्हेंबरात लोकल खारकोपरपर्यंत आली आणि तिथंच तिनं पाच वर्षं मुक्काम ठोकला. तोवर भाचा बस, शेअर रिक्षा आणि पुन्हा बस असा नोकरीला जायचा आणि रविवारी फोनवर मला त्याचं वर्णन ऐकवायचा. आज त्याचा आवाज नवरदेवाचा होता.

"आणि मामा, आजच अटल सेतूपण उघडला. शिवडी ते न्हावा शेवा, समुद्रावरून. २१.८ किलोमीटर!"

मी समोर पाहिलं. चार रूळ. त्यांच्यावर पूल व्हावा म्हणून आम्ही केलेले अर्ज एकापुढं एक मांडले असते तर शिवडीहून न्हावा शेव्याला कागदावरूनच चालत जाता आलं असतं.

"कुठली लोकल ओ?" रिक्षावाल्यानं विचारलं. फोन सगळ्या गेटनं ऐकला होता. मी सांगितलं.

"मग आमाला का नको? खानापूर-बेळगाव-घटप्रभा. अर्ध्या तासाला एक. काय वाईट हाय?"

प्रश्न तसा वाजवी होता. कॉलेजची पोरं, कारखान्यातले कामगार, दूध, भाजी, सगळं रोज बेळगावाकडं येतं आणि संध्याकाळी परत जातं. बसच्या दारात लोंबकळत येतं. एका पोरानं तिथल्या तिथं मोबाइलवर नकाशा काढला आणि स्टेशनं ठरायला लागली. लोंढा, गुंजी, खानापूर, इदलहोंड, देसूर ही एक बाजू. सांबरा, सुळेभावी, पाच्छापूर, गोकाक रोड ही दुसरी. प्रत्येकाला आपल्या गावात गाडी थांबायला हवी होती आणि शेजारच्या गावात थांबून वेळ घालवलेला चालणार नव्हता. एकानं धारवाड-कित्तूर-बेळगाव या मंजूर झालेल्या ७३ किलोमीटरच्या लाइनचा विषय काढला. "ती येऊ दे आदी," म्हणून त्याला गप्प करण्यात आलं.

"आणि स्टेशनवर पाट्या कुठल्या भाषेत?" मागून आवाज आला.

सगळे एकदम शांत झाले. आमच्या सीमाभागात या प्रश्नावर धावती गाडी रुळावरून उतरते, ही तर अजून आलेलीही नव्हती. ट्रॅक्टरवाला शहाणा निघाला. "मोदल गाडी बरली री," तो स्टेअरिंगवर रेलून म्हणाला. त्याचं खरं होतं. आधी गाडी यायला हवी.

नकाशावाल्या पोरानं मग नवी माहिती पुरवली. बेंगळूरलाही उपनगरी रेल्वे होते आहे, १४८ किलोमीटरची. पायाभरणी २०२२ च्या जूनमध्ये झाली. मार्ग चार आणि त्यांना नावं फुलांची. संपिगे, मल्लिगे, पारिजात, कनक.

"आमच्या गाडीला रताळं म्हणा," मावशी म्हणाली. "फुलं ऱ्हाऊ देत तेंच्याकडं."

ठराव एकमतानं संमत झाला. बेळगावची रताळी महाशिवरात्रीला कुठल्या कुठं जातात, तर रताळं लोकल लोंढ्यापर्यंत का जाऊ नये? रिक्षावाला अर्जासाठी कागद शोधू लागला.

एवढा वेळ एक काका सायकल धरून शांतपणे ऐकत उभे होते. रेल्वेतून निवृत्त झालेले. अशा माणसांचा एक दोष असतो, त्यांना माहिती असते.

"अर्ध्या तासाला एक म्हणालात न्हवं?" काका म्हणाले. "जाणारी एक, येणारी एक. म्हणजे तासाला चार वेळा गेट पडणार. एका वेळेला दहा मिनिटं धरा."

आम्ही धरली.

"चाळीस मिनिटं झाली. ऱ्हायली वीस. त्यात एक्स्प्रेस हायत, मालगाड्या हायत. मग गेट उघडायचं कधी?"

रिक्षावाल्याचा कागद शोधणारा हात खिशातच राहिला. ज्या लोकलसाठी आम्ही आत्ता स्टेशनं वाटून घेतली, ती सुरू झाल्यावर आम्हाला स्टेशनवर पोचताच येणार नव्हतं. भाच्याकडं गाडी नव्हती म्हणून तो घरी लवकर पोचत नव्हता. आमच्याकडं गाडी आली की आम्ही पोचणार नव्हतो.

"खरं दुसरी बाजू हाय," काका पुढं म्हणाले. "गेटच्या जागी पूल द्यायचा का न्हाई, ते टीव्हीयूवर ठरतंय. ट्रेन व्हेइकल युनिट. दिवसभरात गेटवरनं रेल्वेगाड्या किती गेल्या, त्याला रस्त्यावरच्या वाहनांनी गुणायचं. गुणाकार लाखाच्या वर गेला की पुलाची केस उभी ऱ्हाते."

"मग आमी सगळे धरले तर लाख हुतंय की!" रिक्षावाला म्हणाला.

"सगळे सारखे धरत न्हाईत. मोटारीला एक युनिट. ट्रॅक्टर एक. बैलगाडी एक."

ट्रॅक्टरवाला सरळ होऊन बसला.

"रिक्षा अर्धी."

"अर्धी?" रिक्षावाल्याच्या तोंडून मीटर डाऊन केल्यासारखा शब्द पडला.

"स्कूटर पाव."

हे माझ्याकडं बघून म्हणाले. बावीस वर्षं सरकारदरबारी कर भरणारा, दोन लेकरांचा बाप असलेला मी, एका बैलगाडीच्या चौथ्या हिश्श्याचा. माझ्यासारखे चार जण एकत्र आले तर एक बैलगाडी होते, आणि तरी तिला बैल वेगळे लागतात.

"आणि माणूस?" मावशीनं विचारलं.

"चालत्या माणसाला धरत न्हाईत."

मावशीनं बुट्टी सावरली. "बसा तर मोजत," म्हणाली, आणि दांड्याखालून वाकून, दोन्हीकडं बघून, कुणाच्याही हिशेबात न येता पलीकडं गेली.

आम्ही मोजतच होतो. गणित असं होतं: वाहनं आहेत तेवढीच राहणार, तेव्हा गुणाकार फुगवायचा तर रेल्वेगाड्या वाढायला हव्यात. म्हणजे गेट कायमचं जायला हवं असेल, तर आधी ते जास्तीत जास्त वेळा बंद व्हायला हवं. हे उमगल्यावर जमावाचा मूडच बदलला. रताळं लोकलला पुन्हा पाठिंबा मिळाला. अर्धा तास फार झाला, पंधरा मिनिटांनी एक सोडा, असंही कुणी सुचवलं. एका उत्साही तरुणानं स्कूटर विकून बैलगाडी घ्यायची तयारी दाखवली. तेवढ्यात मालगाडी गेली, दांडा वर उठला, दोन्हीकडच्या फौजा रुळांच्या मध्यावर भिडल्या आणि अर्जाचा विषय हॉर्नच्या आवाजात बुडाला.

त्यानंतर आमच्या गेटवर नवीन गाडीचं स्वागत वेगळ्या मनानं होतं. १६ सप्टेंबर २०२४ ला पुणे-हुबळी वंदे भारतला झेंडा दाखवला, तेव्हा स्टेशनवर लोक गाडीबरोबर फोटो काढत होते आणि काकांचा मला मेसेज होता, "जाता एक, येता एक." १० ऑगस्ट २०२५ ला बेळगाव-बेंगळूर वंदे भारत सुरू झाली. त्याच समारंभात बेंगळूरला मेट्रोची यलो लाइनही मिळाली, पण त्याचा मला मत्सर वाटला नाही. मेट्रोला गेट नसतं, गुणाकार कशाशी करणार? आमची गाडी पहाटे ५.२० ला सुटते. त्या वेळी गेटवर कुत्रंसुद्धा नसतं, ही शंका मी काकांना बोलून दाखवली. "हिशेब चोवीस तासांचा असतोय," ते म्हणाले. पेढाही दिला.

मध्यंतरी भाचा बेळगावला आला. मुंबईहून हुबळीला जाणाऱ्या एक्स्प्रेसनं. त्याला आणायला मी स्कूटर घेऊन वेळेत निघालो, आणि गेट पडलं. भाच्याचा फोन आला, "मामा, उतरलो. तुम्ही कुठं?"

"गेटवर. तुझ्याच गाडीसाठी थांबलोय. तुला सोडून ती आता माझ्याकडं यालीय."

"थांबा मग, मीच येतो. बॅग हलकी आहे."

एक्स्प्रेस गेली. दांडा हलेना, कारण उलट बाजूनं मालगाडी होती. तीही गेली आणि गेट उघडलं. पुढं एक बैलगाडी होती. आपलं पूर्ण एक युनिट घेऊन ती रुळांवर चढली आणि मधोमध एका मोटारीसमोर उभी राहिली. दोघीही तोलामोलाच्या असल्यामुळं कुणी मागं सरेना. मागं रिक्षा अडकल्या, त्यांच्या मागं आम्ही पाव पाव.

पुन्हा फोन वाजला. घरून.

"ओ, तुमचा भाचा आला की. आंघोळ झाली, च्यापण झाला. तुमाला कुणाला आणायला पाठवलं हुतं?"