डॅमरेज फक्त आम्हालाच का?

परवा रेल्वेची डॅमरेजची, म्हणजे डबे जास्त वेळ अडवल्याच्या दंडाची, पावती हातात पडली आणि डोकं फिरलं. २५,२०० रुपये, वर जीएसटी. कशाचे, तर रॅक, म्हणजे मालगाडीच्या डब्यांची आख्खी माळ, भरायला आम्ही पावणेचार तास जास्त घेतले त्याचे. पावणेचार कसले, चारच धरतात ते. तासाचा तुकडा त्यांच्या हिशेबात पूर्ण तास असतो. पावतीवर सगळं मिनिटासकट लिहिलंय. रॅक लागला ०१:५०, भरून झाला १४:३५. वा! म्हणजे यांच्याकडे घड्याळ आहे तर. पुढचे नऊ दिवस मला वाटत होतं की नसावं.

कारण तोच रॅक, तोच कांदा, डब्यांना सील मारून झाल्यावर पुढे एकोणीस तास मालधक्क्यावर तसाच उभा होता. का? तर पॉवर नाही. पॉवर म्हणजे इंजिन. ते मिळालं तेव्हा ड्रायव्हर-गार्डची ड्युटी संपत आली होती. या एकोणीस तासांची पावती कुणाच्या नावाने फाडायची, ते मला कुणीतरी सांगा.

नीट सांगतो. आमचा धंदा कांद्याचा, नाशिक जिल्ह्यात. लिलावात माल घ्यायचा, खळ्यावर निवडायचा, गोणीत भरायचा आणि बाहेर पाठवायचा. पूर्वेकडे बिहार, बंगाल, आसाम ही आमची जुनी गिऱ्हाइकं. एकट्याला आख्खा रॅक झेपत नाही, म्हणून आम्ही सात जण मिळून मागणी नोंदवतो. ४२ डबे, साधारण १,६०० टन कांदा. पन्नास किलोच्या गोण्या धरल्या तर ३२,०००. आणि भरायला फुकटची वेळ किती? नऊ तास. भागाकार करून बघा, मिनिटाला साठेक गोण्या पडतात. माणसाच्या पाठीवरून, बरं का. धक्क्यावर पट्टा नाही, क्रेन नाही, काही नाही.

रॅक कधी लागणार, हे मागणी नोंदवताना कुणी सांगत नाही. 'एक-दोन दिवसात.' म्हणून आम्ही माल भरून ठेवतो आणि फोनकडे बघत बसतो. लाल कांदा आहे हा, उन्हाळ नव्हे की कांदाचाळीत टाकला आणि चार महिने विसरलो. गोणीत दाबून ठेवला की तिसऱ्या दिवशी वास सांगतो काय चाललंय ते. तर चौथ्या रात्री एक वाजता फोन आला, रॅक येतोय, माणसं घेऊन या. मुकादमाला उठवलं. त्याने टोळीतल्या पंचवीस जणांना फोन लावले, उचलले अकरा जणांनी. धक्क्यावर दिवे दोन, त्यातला एक लुकलुकणारा. पिकअपच्या हेडलाइटच्या उजेडात पहिल्या डब्याला हात घातला. वरून अवकाळी पाऊस होऊन गेलेला, त्यामुळे धक्क्याच्या रस्त्याला गुडघाभर चिखल. दुसराच ट्रक मागच्या चाकापर्यंत रुतला आणि त्याच्या मागे बाकीच्यांची रांग लागली. हा रस्ता कुणाचा? रेल्वेच्या हद्दीतला. तो ट्रक काढायला दीड तास गेला, तो दीड तास कुणाच्या खात्यात? आमच्या.

आमचा धक्का चोवीस तासांचा आहे, त्यामुळे रॅक रात्री लागला तरी घड्याळ तेव्हापासूनच चालू. डब्यामागे तासाला १५० रुपये, ४२ डब्यांचे ६,३००. उजेड नाही, रस्ता नाही, आधी खबर नाही, पण दंडाचा दर बघा कसा तोंडपाठ.

बरं, दंड भरला. माल वेळेत गेला असता तर मी हे लिहायला बसलोच नसतो. तोंडी सांगितलं होतं चार दिवस. लागले नऊ. वाटेत कुठल्याशा स्टेशनच्या लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, गाडी तीन दिवस उभी. पोरगा दर तासाला मोबाइलवर बघायचा, तेच स्टेशन आणि तोच शब्द, 'स्टेबल्ड', म्हणजे उभी करून ठेवलेली. चौकशी केली तर एक साहेब म्हणाले पुढे लाइन ब्लॉक आहे, दुसरे म्हणाले क्रू नाही, तिसऱ्यांनी फोन उचलून ठेवून दिला. तिकडून गिऱ्हाइकाचा सकाळ-संध्याकाळ एकच प्रश्न, 'भैया, गाड़ी कहाँ है?' मला ठाऊक असतं तर मीच नसतं का सांगितलं! आणि डबा कसला, तर चहूबाजूंनी बंद लोखंडी पेटी, सिमेंट-खत-धान्यासाठी केलेली. त्यात ओलसर लाल कांदा तीन दिवस उन्हात. दारं उघडली तेव्हा खालच्या थरातून पाणी सुटलेलं आणि वरच्या गोण्यांतून हिरवे कोंब बाहेर. तोवर ट्रकने गेलेला कांदा त्या बाजारात पोचून विकूनही झाला होता. किलोमागे तीन रुपये उतरले. सडका निवडून टाकला तो वेगळाच.

आता तीन रुपये लक्षात ठेवा आणि पुढचा हिशेब बघा. २०२४ च्या ऑक्टोबरात सरकारने स्वतःचा कांदा लासलगावहून दिल्लीला रेल्वेने नेला. कांदा एक्स्प्रेस, ४२ डबे, १,६०० टन, दिवाळीच्या तोंडावर पोचलीही. तेव्हा सरकारनेच सांगितलं की हा माल ट्रकने न्यायचा तर ५६ ट्रक आणि ८४ लाख, रेल्वेने ७० लाख २० हजार. वाचले १३ लाख ८० हजार. किलोला किती पडले? ८६ पैसे. या ८६ पैशांसाठी मी रेल्वेकडे जातो आणि वाटेतल्या एका लूपवर तीन रुपये घालवून येतो. सरकारी कांद्याला वाट मोकळी मिळते हो. आमच्या कांद्याला कुणी हार घालायला येत नाही.

क्लेम करा म्हणणारे शहाणे भेटतात. रेल्वे अधिनियम १९८९, कलम ९५ वाचा आधी. उशिरामुळे माल खराब झाला हे मालकाने सिद्ध करायचं, आणि उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने किंवा निष्काळजीपणा नसताना झाला असं रेल्वेने दाखवून दिलं की ती सुटली. हाताबाहेरचं कारण! माझा ट्रक चिखलात रुतला, ते कुठे माझ्या हातात होतं?

मला वेग नको आहे. हे इथे स्पष्ट लिहितो, कारण मालवाहतूक म्हटलं की लगेच वेगाच्या गप्पा सुरू होतात. मालगाडी सरासरी ताशी पंचवीसच्या आसपास सरकते, सायकलवाल्यापेक्षा थोडी पुढे. सरकू दे. सहा दिवस लागतील म्हणा, मी सहा दिवसांच्या हिशेबाने माल काढीन आणि गिऱ्हाइकाला तसं सांगीन. पण सहा म्हणून तीन आणि चार म्हणून नऊ, यावर धंदा कसा करायचा? प्रवासी गाडी दहा मिनिटं उशिरा आली तर भोंग्यावरून खेद व्यक्त होतो. मालगाडीला मुळात वेळच नाही, तर उशीर कसला आणि खेद कुणाला!

आणि गंमत म्हणजे रेल्वेच्या कमाईतला दोन-तृतीयांशाच्या आसपासचा पैसा मालातून येतो. प्रवासी भाड्यातला तोटा त्यातूनच भरून निघतो. स्वस्त तिकिटावर माझीही आई पंढरपूरला जाते, त्याला माझी ना नाही. पण घर चालवणाऱ्याला ओसरीवर बसवायचं आणि पाहुण्यांच्या पंगती उठल्यावर उरलंसुरलं वाढायचं, हा कुठला न्याय? प्रवासी गाडी आली, हिला पुढे सोडा. ती गेली, आता हिला सोडा. मालगाडी आपली लूपवर.

कोळशाला पहिला मान, तेही मान्य. निम्म्याच्या आसपास माल कोळशाचाच असतो आणि २०२२ च्या उन्हाळ्यात त्याच्यासाठी शेकडो प्रवासी फेऱ्या रद्द केल्या होत्या. म्हणजे मनात आणलं की वाट करून देता येते.

वेळापत्रकाची मालगाडी जमत नाही म्हणणाऱ्यांना एक आठवण करून देतो. ७ ऑगस्ट २०२० ला आमच्याच देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल सुटली. ठरलेला वार, ठरलेली वेळ, थोडा माल असला तरी घ्यायचे, भाजी-फळांना भाड्यात निम्मी सूट. लोक म्हणतात सूट होती म्हणून चालली. आम्हाला विचारा, सुटीइतकीच गोड होती ती वेळ. डाळिंबवाला, द्राक्षवाला, ढोबळी मिरचीवाला, सगळे घड्याळ बघून स्टेशनावर माल आणायचे. अनुदान आटलं आणि गाड्याही आटल्या. वेळापत्रक तरी ठेवायचं होतं ना बाबांनो, त्याला कुठे अनुदान लागतं!

बाकी योजना कागदावर भरपूर. स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत देशातला ऐंशी टक्क्यांहून जास्त माल रेल्वेने जायचा, आता चौथ्या हिश्श्याच्या जरा वर उरलाय. २०३० पर्यंत तो ४५ टक्क्यांवर न्यायचा असं राष्ट्रीय रेल्वे योजनेत लिहिलंय. कसा नेणार? मालाचा वेगळा मार्ग मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरापासून दिल्लीजवळच्या दादरीपर्यंत, १,५०६ किलोमीटर. त्यासाठी कंपनी स्थापन झाली २००६ मध्ये आणि सगळ्यात शेवटी रेंगाळला तो आमच्याच महाराष्ट्रातला वैतरणा ते जेएनपीटीचा तुकडा. आणि हा मार्ग गुजरात-राजस्थानातून वर जातो. आमचा कांदा जातो पूर्वेला. २०२१ च्या अर्थसंकल्पात मालाच्या पूर्वेकडच्या मार्गाची भुसावळ-खरगपूर-डानकुनी अशी ओळ वाचली होती तेव्हा खळ्यावर पेढे वाटायचेच बाकी होते. पुढे कित्येक वर्षं ती ओळ कुणाला आठवलीही नाही.

नवे मार्ग होतील तेव्हा होतील. पण रॅक लागण्याआधी सहा तास निश्चित खबर द्यायला, धक्क्यावर चार दिवे आणि मुरूम टाकायला किती हजार कोटी लागतात? आणि इंजिनाची वाट बघत माझा भरलेला रॅक उभा राहिला तर त्याच दराने, डब्यामागे तासाला १५०, उलट्या बाजूने द्यायला काय हरकत आहे? एकोणीस तासांचे १,१९,७०० होतात. मी २५,२०० वळते करून घेतो, उरलेले द्या.

आम्हा सात जणांपैकी चौघांनी पुढच्या खेपेला ट्रक लावलेत. मी अजून ठरवत होतो. काल संध्याकाळी ट्रकवाला खळ्यावर येऊन चहा पिऊन गेला. भाडं जास्त सांगतोय म्हणून मी कुरकुर केली, तर म्हणाला, 'शेठ, गुरुवारी पहाटे पाचला पाटण्याच्या मंडीत उभा करतो. नाही पोचलो तर भाड्यातून कापा.'

पाचला म्हणाला तो.