भाव न विचारणारं गिऱ्हाईक

दिवसभरात माझ्याशी अदबीनं बोलतात ते फक्त भामटे. बाकी कुणाला वेळ नाही. मिरजेत आमचं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. गिऱ्हाईक 'ओ' म्हणून हाक मारतं, माल पाठवणारा डीलर फोनवर 'पेमेंट?' एवढंच विचारतो, आणि बँकेला फोन लावला तर यंत्र आधी भाषा निवडायला लावतं आणि मग सनई ऐकवत बसतं. उलट 'बेळगाव कॅन्टोन्मेंट'मधून बोलणारा तो कॅप्टन! पहिल्या वाक्यात 'सर', दुसऱ्यात 'जय हिंद'. त्याला डिस्टेंपरच्या चाळीस बादल्या हव्या होत्या. ओळखपत्राचा फोटोही त्यानं आपणहून पाठवला, मिशीसकट.

संशय आला तो मिशीचा नव्हे. त्यानं भाव विचारला नाही. आमच्याकडं पावशेर खिळे घेणारा माणूससुद्धा 'शेवटचं काय?' विचारल्याशिवाय पिशवी उघडत नाही. इथं चाळीस बादल्या, आणि कंपनी कुठली, शेड कुठली, काही नाही! मी पैसे आधी मागितले. तो म्हणाला, लष्कराची पद्धत वेगळी असते. मी क्यूआर कोड पाठवतो, तो तुम्ही स्कॅन करा, पिन टाका, की रक्कम तुमच्या खात्यात.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गादीवर बसून ऐकत होते. त्यांनी आयुष्यात यूपीआय वापरलेलं नाही. ते एवढंच म्हणाले, "गल्ल्यात पैसे टाकायला किल्ली लागती होय रे? काढायला लागती." झालं. स्कॅन आणि पिन या दोन्ही गोष्टी पैसे देण्यासाठी असतात. घेणाऱ्यानं नुसतं गप्प बसायचं असतं.

पण गप्प बसणंही सोपं नाही. गिऱ्हाईक 'गेले बघा' म्हणत मोबाईलवरची हिरवी खूण माझ्या नाकासमोर नाचवतं. तसली खूण खोट्या अ‍ॅपवरही येते, म्हणून आमचा नियम असा की काउंटरवरचा डबा बोलल्याशिवाय माल हलणार नाही. नेमकं तेव्हा नेटवर्क गेलेलं असतं, आणि समोर माझे शाळेतले मास्तर उभे असतात, हातात पुट्टीची पिशवी. ते माझ्याकडं बघत नाहीत, मी त्यांच्याकडं बघत नाही, दोघंही डब्याकडं बघतो. अखेर डब्यातली बाई रक्कम पुकारते. मास्तर जाताना म्हणतात, "वह्या तपासताना मी कधी असा संशय घेतला नव्हता तुझ्यावर." घेतला होता.

त्यात रोज सकाळी उदबत्ती लावून झाली की क्यूआरच्या स्टिकरवरून नख फिरवायचं. रात्रीत कुणी वर स्वतःचं स्टिकर चिकटवलं, तर दिवसभर धंदा आमचा आणि पैसे त्याचे.

ओटीपीचा छळ वेगळाच. तो कुणालाही सांगू नका, असं रिझर्व्ह बँक सांगते. मध्यंतरी तर फोन लागायच्या आधी अमिताभ बच्चन यांच्या आवाजात सावध केलं जायचं. आणि इकडं दिवसभर माणसं तो हक्कानं मागतात. गॅसवाला पायरीवरून ओरडतो, "काकू, ओटीपी!" कुरिअरवाला गाडी बंदसुद्धा करत नाही. वीस तारखेला, जीएसटीच्या रिटर्नच्या शेवटच्या दिवशी, आमचे कन्सल्टंट फोनवर हातघाईला येतात, "आला का? बोला लवकर, साइट बसतीय." मी मेसेज पहिल्या शब्दापासून मोठ्यानं वाचायला लागतो, कारण आकडा कशासाठी आलाय हे त्यातच लिहिलेलं असतं. सिलिंडरचा आकडा सिलिंडर दारात आल्यावर द्यायचा. पैसे वळते करायचा आकडा ब्रह्मदेव आला तरी द्यायचा नाही. कन्सल्टंटांनी यंदा फी वाढवली आहे.

लग्नसराईत तर नातंच तुटायला आलं. मामींच्या नंबरवरून पत्रिका आली, फाइलच्या शेपटाला 'एपीके'. एपीके म्हणजे पत्रिका नव्हे, अ‍ॅप. बसवून परवानग्या दिल्या की ते आपले मेसेज परस्पर वाचतं, ओटीपीसकट. मी मामांना फोन करून विचारलं, "तुमच्याकडं खरंच लग्न आहे का?" लग्न खरं होतं, फाइल खोटी होती, आणि मामींचं व्हॉट्सअ‍ॅप तिसऱ्याच माणसाच्या ताब्यात होतं. ते सोडवून मी त्यावर सहा आकडी पिन बसवून दिला. मामांच्या लक्षात मात्र एवढंच राहिलं की भाच्यानं पोरीच्या लग्नावर शंका घेतली. मामी तो पिन अजून मलाच विचारतात.

अण्णांना तर अटकही झाली. डिजिटल. व्हिडिओ कॉलवर खाकी, मागं झेंडा, आणि हुकूम की खोलीतून हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. असली अटक भारतातल्या कुठल्याच कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्येही हेच सांगितलं होतं. अण्णांना त्याची गरज पडली नाही, कारण त्यांना कमी ऐकू येतं. 'आपके पार्सल में ड्रग्ज मिला है' असं तो तिसऱ्यांदा ओरडला तेव्हा अण्णा खूष झाले. त्यांच्या शुगरच्या गोळ्या कधीच्या यायच्या होत्या. पार्सल कुठल्या कुरिअरनं येतंय, गोळ्या पाचशेच्या आहेत ना, याची त्यांनी इतकी चौकशी केली की इन्स्पेक्टरनं स्वतःच जामीन दिला आणि फोन ठेवला.

शेजारच्या मेडिकलवाल्याचे मात्र खरोखर गेले. तो आधी अर्धा दिवस बायकोपासून लपवत बसला. लगेच १९३० ला फोन केला असता, तर पैसे पुढं सरकण्याआधी गोठवले जायची आशा होती. आता मी 'उधार बंद'च्या पाटीखाली १९३० मोठ्या अक्षरात रंगवलंय. रंग घरचाच.

परवा पुन्हा फोन. केवायसीची मुदत संपली म्हणे. बँकांचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यावेत अशी आता सोय आहे, आणि हा साधा मोबाईल. पण पलीकडच्या बाई म्हणाल्या, "यायचं तर या, नाहीतर खातं बंद पडेल," आणि माझं ऐकून न घेता फोन आपटला. म्हणजे बँक खरी होती. तरी फोनवर काही न सांगता शाखेत गेलो. कागद देऊन झाले. बाईंनी मान वर न करता हात पुढं केला. "आधारचा ओटीपी आला असेल. बोला."

मी चष्मा लावला आणि मेसेज पहिल्यापासून वाचायला घेतला.

"ओ," मागच्या रांगेतून आवाज आला, "दहा मिनिटांत संपतो तो."