‘परदेशातल्या आपल्या मुलांवर प्रयोग’: त्या मेसेजला उत्तर

मेसेज असा: अमेरिकेत डॉक्टर स्थलांतरितांच्या मुलांवर एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लशीचे प्रयोग करतात, मिनेसोटातल्या सोमाली मुलांना त्यातूनच ऑटिझम झाला, डॉक्टर आग्रह करतो म्हणजे त्याचं कमिशन ठरलेलं, आणि गोवर काय, सगळ्यांनाच होऊन जातो. रावपुऱ्यातल्या आत्याने तो थेट न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीला पाठवला. भाची आठ महिन्यांच्या लेकीला घेऊन दिवाळीला वडोदऱ्याला येतेय. तिथल्या डॉक्टरांनी निघण्याआधी एक डोस द्यायला सांगितलाय आणि ती आता विचारतेय, ‘देऊ की नको?’

दे. सहा ते अकरा महिन्यांचं बाळ परदेशी निघालं की एक डोस आधी द्यायचा, हा सीडीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा, सगळ्यांसाठीच सल्ला आहे. गोऱ्यांसाठी वेगळा आणि जोशी-पटेलांसाठी वेगळा असं काही नाही. वर्षानंतरचे दोन डोस तरीही घ्यावे लागतात. आपल्याकडे तर सरकारी दवाखान्यातही नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची लस टोचतात. त्याला आत्या प्रयोग म्हणत नाही.

सोमाली मुलांच्या मुद्द्यावर मात्र माझं डोकं फिरतं, कारण घडलं ते नेमकं उलट. मिनेसोटातल्या मिनियापोलिस शहरात सोमालियातून येऊन राहिलेल्या आईबापांना वाटू लागलं होतं की आपल्या मुलांत ऑटिझम फार दिसतोय. काळजी खरी होती, पण ‘का?’ याचं पटेल असं उत्तर डॉक्टरांकडून मिळेना. तेवढ्यात अँड्र्यू वेकफिल्ड हा ब्रिटिश डॉक्टर तिथे पोचला. लस आणि ऑटिझमची सांगड घालणारा, 12 मुलांवर बेतलेला त्याचा 1998 चा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला, त्याच वर्षी ब्रिटनमध्ये त्याचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. तरी हा गृहस्थ सोमाली पालकांच्या भेटी घेतच होता. 2004 मध्ये तिथल्या दोन वर्षांच्या 92 टक्के सोमाली मुलांना एमएमआर मिळालेली असायची. 2014 मध्ये 42 टक्के. 2017 मध्ये गोवर आला: 75 रुग्ण, बहुतेक लस न घेतलेली सोमाली मुलं. आणि ऑटिझम? मिनेसोटा विद्यापीठाच्या 2013 च्या पाहणीत सोमाली मुलांत 32 मागे 1, गोऱ्या मुलांत 36 मागे 1. म्हणजे जवळपास सारखंच. लस घेणारी निम्म्यावर आली, ती ही भीती घालून.

कमिशन नसेल तर डॉक्टर आग्रह का करतो, असं म्हणाल तर अमेरिकेतल्या सिएटलकडच्या संशोधकांनी डॉक्टर-पालकांची बोलणी चित्रित करून 2013 मध्ये निष्कर्ष छापले. ‘आज या लशी द्यायच्यात’ असं डॉक्टर म्हणाला तेव्हा 26 टक्के पालकांनी हरकत घेतली. ‘काय ठरवलंय तुम्ही?’ विचारलं तेव्हा 83 टक्क्यांनी. डॉक्टरच चाचरला तर आईनं कशाच्या भरवशावर हो म्हणायचं? भाचीच्या डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं, ते बरंच केलं.

गोवर ‘होऊन जातो’ म्हणे. 2025 मध्ये टेक्सासात दोन मुलं त्यातच गेली, दोघांनाही लस नव्हती.

स्थलांतरितांना लशीचा वेगळा नियम लावल्याची एक गोष्ट, नाइलाजाने, मान्य. 2008-09 मध्ये ग्रीन कार्ड मागणाऱ्या मुलींना आणि तरुणींना एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची) लस सक्तीची होती, तिथल्या मुलींना देशभर तशी सक्ती नव्हती. ओरड झाली आणि डिसेंबर 2009 मध्ये अट निघाली. तो दुजाभावच होता. इतर लशींची अट ग्रीन कार्डाला आजही आहे. पण आत्या, तुझी पणती न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये जन्मली. ती अमेरिकन नागरिक आहे, ग्रीन कार्डाचा अर्ज तिला करायचाच नाही.